तळातली ओली चिठ्ठी

"कोणाचा डॉक्टर? झाडाचा का बे?"

मेश्राम सर असे ओरडले की तिकडे बाजारात कमानिया गेटच्या दुकानांतल्या बांगड्या खणखणल्या. कॉलेजपासून गेट चांगलं दोन मैल, आणि मी तर सरांच्या पुढ्यात उभा. तरी बांगड्यांचं मी शपथेवर सांगतो. बी.एस्सी.चा पहिलाच आठवडा होता. सरांनी प्रत्येक नव्या पोराला एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर वर्षभराची दोन ध्येयं लिहायची, एक अभ्यासाचं, एक स्वतःचं. मी दोन्ही मिळून एकच लिहिलं होतं : 'मोठा डॉक्टर होईन.'

"बॉटनीच्या बाकावर बसून डॉक्टर होऊन राहिला! चल, दुसरी लिही. खरी लिही."

सर मूळचे भंडाऱ्याकडचे, अंगानं किरकोळ. आवाज मात्र कुण्या पहिलवानाचा उसना आणलेला आणि परत करायचा राहून गेलेला.

त्यांची रीत जगावेगळी होती. झाडाचं पान सुकवायचं तर ते वर्तमानपत्राच्या घडीत ठेवतात, दोन लाकडी फळ्यांमध्ये पट्ट्यानं आवळतात आणि कागद रोज बदलतात. नाहीतर बुरशी धरते. सर पोरांची ध्येयंही अशीच सुकवायचे. चिठ्ठी पानासोबत घडीत जायची. रोज तासाआधी येऊन आपल्या हातानं कागद बदलायचा, बदलताना चिठ्ठी वाचायची. आठव्या दिवशीही तेच हवंसं वाटलं तर जाड कागदावर पानाशेजारी चिकटवायची, नाही तर नवी लिहायची. "पहिल्या दिवशी सगळंच हिरवंगार दिसते बेटा," सर म्हणायचे. "पाणी निघून गेल्यावर जे उरते, ते तुझं."

फळ्यांच्या तळाशी एक घडी होती, तिला कोणी हात लावायचा नाही. ती सरांची स्वतःची. कधी चिकटवणार म्हणून विचारलं, की एकच उत्तर : "अजून ओली आहे."

माझी अडचण अशी, की मी घरी मेडिकलला लागल्याचं सांगून बसलो होतो. बाबा आमच्या गावी, सिहोऱ्याच्या धान्यमंडीत कारकून; त्यांनी ते अख्ख्या मंडीला सांगितलेलं. शनिवारी बसमधून उतरलो की ओट्यावर रांग. तीन खोकले, एक मुरगळलेला पाय आणि एका म्हशीचं पोट मी तपासलं. म्हैस बरी झाली, तिथंच प्रकरण हाताबाहेर गेलं. बाबा रस्त्यानं छाती काढून चालू लागले. ती छाती आपल्या हातानं कशी खाली करायची?

शेवटी दुसऱ्या चिठ्ठीवर मी लिहिलं : 'घरी खरं सांगीन.' दोन दिवस कागद बदलला. तिसऱ्या दिवशी ते अक्षर वाचवेना म्हणून गेलोच नाही. पुढेही गेलो नाही. आठव्या दिवशी सरांनी घडी उघडली, तर पानावर काळी बुरशी. ती चिठ्ठीवरही चढलेली. मी कान झाकायच्या तयारीत होतो. सर ओरडलेच नाहीत. हळू विचारलं, "शनिवारी किती वाजताची बस असते तुझी?"

सर माझ्यासोबत सिहोऱ्याला आले. स्टँडवर चहाचा ग्लास घेऊन उभे राहिले. "घरी तू जा. तू येईपर्यंत मी हा चहा पीत नाही."

"थंड होईल, सर."

"होऊ दे. चलो, नीघ."

मी सांगितलं. बाबांनी कोपऱ्यातल्या चपला पुढे ओढल्या. मग म्हणाले, "मग म्हशीला काय दिलं होतंस?"

"हिंग."

"अच्छा." चपला घालून ते बाहेर पडले. दारातून वळून म्हणाले, "आता जे घेतलं ते तरी पूर्ण कर."

परत आलो तर सर तसेच उभे, ग्लासात बोटभर साय. माझा चेहरा पाहून असे ओरडले, "आता काहून रडून राहिला बे!" की स्टँडवरच्या दोन बसगाड्या वेळेआधीच सुटल्या.

आज मीही दूरच्या एका गावी पोरांना बॉटनी शिकवतो. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. पोरं चिठ्ठीवर मोठमोठं काहीबाही लिहितात, तेव्हा वाटतं, मागून कोणीतरी एकदा 'काहून बे' करून ओरडावं.

सरांना घशाचा आजार झाल्याचं कळलं तेव्हा फोन केला. सरांच्या पत्नी, काकूच बोलल्या, सरांचा आवाज पार गेला होता. "रविवारी नक्की येतो," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात महाग खोटं. तो रविवार टळला, पुढचेही टळले. गेलो तेव्हा कांचघर मोहल्ल्यातल्या घरात सरांच्या फोटोला हार होता.

काकूंनी त्या फळ्या माझ्यापुढे ठेवल्या. पट्टा सोडून मी तळातली घडी काढली. वर्तमानपत्र अलीकडचंच. आत पळसाचं पान, जुनं, चहासारख्या रंगाचं, आणि चिठ्ठी. सरांचं अक्षर : 'पोरांवर ओरडणार नाही.'

"रोज बदलत होते कागद," काकू म्हणाल्या.

"मग जमलं का त्यांना?"

"शेवटचे दोन महिने जमलं."