तोडकं चालेल

आर्किटेक्टची आठवण म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता हा एखादी भव्य इमारत उभी करणार! सॉरी हां. मी आजवर उभ्या केल्यात त्या मीटिंगच्या फोल्डिंग खुर्च्या.

डिलाईल रोडच्या एका चाळीचं रिडेव्हलपमेंट आमच्या ऑफिसकडे आहे. दर मंगळवारी चाळीच्या कमिटीबरोबर मीटिंग. ऑफिसात सगळे कंटाळतात, मी सोमवारीच शर्टला इस्त्री मारतो. जतहून आलो, परळला कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चौघं, चौघांच्या ड्युट्या वेगळ्या. शनिवार-रविवार तोंडातून "एक कटिंग" सोडून शब्द निघत नाही. मीटिंगमध्ये निदान कमिटीतल्या मालवणी काकू विचारतात, "जेवलंस मां रे?"

काकूंचा प्रश्न एकच. नव्या इमारतीत दाराबाहेर ग्यालरी राहणार का? "दार लावून आत मेलंय तरी कोणाक कळाचा नाय, बाळा."

यावर आमचे सर म्हणायचे, "चाऽऽलेल." सरांची चालेल दोन. लांबवलेलं म्हणजे नाही, पण आत्ता वाद नको. पेनाचं टोपण लावत तोडकं "चालेल!" म्हणजे ठरलं, काढा ड्रॉइंग.

त्या मंगळवारी सरांना उशीर. सगळे मोबाईलमध्ये मुंडी घालून. मी सरांसारखा चष्मा नाकावर घसरवला आणि त्यांच्या आवाजात सुरू झालो. शाळेत अशा नकलांना पट्ट्या पडायच्या, इथे टाळ्या! काकूही हसल्या.

"मग सरांनू, ग्यालरी?"

मी टोपण लावलं. "चालेल!"

सगळे हसले. काकू हसायच्या थांबल्या. त्यांना वाटलं, पोरगा सरांच्या मांडीला मांडी लावून बसतो, आतली बातमी असल्याशिवाय बोलेल कशाला?

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"कुठलं चालेल म्हणालास?"

"तोडकं. पण सर, ती नक्कल होती..."

"गाढवा, चाळीत पेढे वाटलेत! मीटिंग कशाला घेतो आपण? दहा जण दहा गोष्टी ऐकून घरी जाऊ नयेत म्हणून. करमणूक करायचीय तर नाक्यावर उभा राहा. आता जा, काकूंना सांग, ग्यालरीचं काही ठरलेलं नाही. आणि माझ्या आवाजात नको. तुझ्या आवाजात सांग. तुला एक आहे ना?"