स्वतःचं पगारपत्रक

छापखान्याच्या कचेरीत त्याला सगळे ‘बिनचूक’ म्हणायचे. सतरा वर्षं तो दीडशे माणसांचे पगार काढत होता आणि त्यात कधी कुणाला चूक सापडली नाही. माझं टेबल त्याच्या शेजारी. मशीनवरचा एखादा कामगार तणतणत यायचा, “माझे दोन दिवस खाल्लेत!” बिनचूक शांतपणे रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवायचा, की तणतण तिथेच विरायची.

त्याच्या हातात चोवीस हजार पडायचे. एका रविवारी त्याच्या बायकोचा भाऊ जेवायला आला. तो अ‍ॅपवर टॅक्सी चालवायचा. त्याने ताटाशेजारी मोबाइल ठेवला. महिन्याची कमाई साठ हजार दिसत होती.

“आणि डोक्यावर साहेब नाही, भाऊजी. वाटलं तर गाडी काढायची, नाहीतर ताणून द्यायची.”

साठ हजारांपेक्षा हे दुसरं वाक्यच त्याला जास्त भिडलं असणार. आमचे नवे साहेब त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते आणि त्याला टिचकी वाजवून बोलवायचे.

नोकरी सोडून टॅक्सी घेतोय असं त्याने सांगितलं, तेव्हा मी विचारलं, “पेट्रोल, हप्ता, सगळं धरलंस ना?”

“धरलं की. अंदाजाने.”

या माणसाने उभ्या आयुष्यात अंदाजाने एक आकडा लिहिला नव्हता. मी गप्प बसलो. आजही त्याची टोचणी आहे.

फंडाचे पैसे उचलून त्याने पांढरी गाडी घेतली. पहिले काही महिने भेटला की खूश असायचा. मग भेटणं कमी झालं. कंबरेमागे उशी आली. पाणी पिणं त्याने जवळजवळ सोडलंच, कारण लघवीला थांबायचं तर गाडी लावायची कुठे, आणि तेवढ्यात हातचं भाडं जाणार. एका बाईंनी उलट्या दिशेने गाडी घालायला सांगितली, त्याने नकार दिला, तर त्यांनी अ‍ॅपवर एकच तारा देऊन त्याचं मानांकन खाली ओढलं. दोन वर्षं अशी गेली.

पुढचं त्यानेच मला सांगितलं. मुलीला दूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. वसतिगृहाच्या अर्जात फीच्या सवलतीसाठी पालकांचं मासिक उत्पन्न विचारलं होतं.

“बाबा, अठ्ठावन्न लिहू ना? मोबाइलवर तेवढंच दिसतंय.”

“थांब जरा,” तो म्हणाला आणि पट्टी घेऊन बसला. जुन्या सवयीने रकाने आखले. पेट्रोल एकोणीस हजार. हप्ता पंधरा. विमा आणि परवाना मिळून तीन. टायर, सर्व्हिसिंग साडेतीन. पार्किंग, धुलाई, दंड एक. उरले साडेसोळा हजार.

बायको भाजी चिरता चिरता येऊन बघून गेली. “अहो, चुकलं असेल कुठेतरी. पुन्हा बेरीज करा.”

“माझं चुकत नाही,” तो म्हणाला.

मग त्याने तास मांडले. दिवसाचे बारा, महिन्याचे अठ्ठावीस दिवस. तासाला एकोणपन्नास. कचेरीत हाच आकडा एकशेवीस होता, वर फंड आणि भरपगारी रजा. “फाटकावरच्या वॉचमनला मी तासाला एकसष्ट काढायचो रे,” तो मला म्हणाला. शेवटचा रकाना गाडीच्या झिजेचा होता. तिथे त्याने काहीच लिहिलं नाही.

मुलीने अर्जात साडेसोळा लिहिलं. अर्ज परत आला. उत्पन्नाचा दाखला जोडा, कंपनीच्या शिक्क्यासह. शिक्का मारायला कंपनीत माणूस होता कुठे? अ‍ॅपच्या मदत केंद्राकडून उत्तर आलं, ‘आपण आमचे कर्मचारी नाही.’ सोबत कमाईचा तक्ता आला, त्यात आकडा अठ्ठावन्न हजार. सवलत नाकारली गेली.

त्याच महिन्यात मुतखडा उठला. अकरा दिवस तो अंथरुणात होता. अकरा दिवसांची कमाई शून्य. हप्त्याचा फोन मात्र वेळेवर आला.

बरा झाल्यावर तो कचेरीत आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्याच्या जागेवर एक मुलगी संगणकावर पगार काढत होती. साहेबांनी त्याला पाऊण तास बाहेर बसवलं.

“बाहेर साठ-साठ हजार मिळतात म्हणे!” ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मिळत नाहीत, साहेब,” तो म्हणाला.

शेवटी कंत्राटी जागा मिळाली. पगार सोळा हजार, फंड नाही, रजा घेतली तर पैसे कापणार. पण तास आठच. गाडी विकून कर्ज पुरतं फिटलं नाही, उरलेलं तो अजून भरतोय. पहिल्या दिवशी त्या मुलीने उठून खुर्ची पुढे केली, तर हा म्हणाला, “बसा बाई, तुमची जागा आहे.” आता तो गोदामात कागदाचे गठ्ठे मोजतो.

त्याची मुलगी जवळच्या कॉलेजात कॉमर्सला गेली. परवा डबा खाताना मी विचारलं, “रमली का?”

“हिशेब पटकन जमतो तिला,” तो म्हणाला. “पण दगडांची पुस्तकं तिने गुपचूप रद्दीत घातली. मला वाटलं होतं, निदान भांडेल तरी माझ्याशी.”