नुसता ताप आहे ना!

सुषमाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "ताई, या रविवारी खाली येनं जमत नाई वं. अंगात ताप हाय." मी लगेच विचारलं, "बाकी ठीक हाय ना? कुठं पडली-गिडली नाई ना? थे... काई दिसलं नाई ना?" ‘थे’ म्हणजे अस्वल. आमच्या घरात त्याचं नाव घ्यायला आईची बंदी होती. नाव घेतलं की ते दारात येतं, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. सुषमा हसली. "नाई वं, नुसता ताप हाय." मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं. आईने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. "तापच हाय ना? मंग काई नाई," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःहून दुसरा चहा मागितला. बहिणीला ताप आला म्हणून आम्ही दोघी त्या दिवशी खुशीत होतो... हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण खरं तेच आहे.

सुषमा माझी धाकटी बहीण. चिखलदऱ्याच्या पलीकडे, डोंगरात, जिथे मोबाइलसाठी टेकडी चढावी लागते अशा एका गावात ती कित्येक वर्षं खोली करून राहिली. काम अस्वलांचं. ती कुठे खातात, कुठे झोपतात आणि मोहफुलं वेचायला भल्या पहाटे गेलेल्या माणसांशी त्यांची गाठ कुठे पडते, हे शोधायचं. तो फोन आला तेव्हा पावसाळा सरत आला होता आणि डोंगरात गवत कमरेला लागत होतं. त्या फोननंतर सगळं इतकं भराभर झालं की मला क्रमच नीट लागत नाही. तिच्यासोबत जंगलात फिरणारे बाबूलालभाऊ तिला जीपमध्ये घालून घाट उतरले. परतवाड्याला सलाईन लावलं, तिथून अमरावतीला आणलं. तिने मला ओळखलं. "डोकं लय दुखते वं ताई," एवढं बोलली, मग असंबद्ध बोलायला लागली. तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी तिचं सगळं अंग पाहिलं आणि कमरेच्या पट्ट्याखाली बोट ठेवलं. उदबत्तीचा चटका बसावा एवढी एक काळी खपली होती. गवतातला किडा, डोळ्याला न दिसणारा. चावलेला कळत नाही, दुखत नाही, खाजतही नाही. त्यातून येतो तो स्क्रब टायफस. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, असं त्या बाई म्हणाल्या, पण तोवर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं दोन्ही थकली होती. सुषमा गेली तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं. आई बाबूलालभाऊंना पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "थ्यानं त नाई ना केलं काई?" आणि ते नाही म्हणून मान हलवत होते.

मुळात आमचं घर घाबरटांचं. राजापेठेत बाबांचं हारफुलांचं दुकान होतं, भातकुलीकडे झेंडू-शेवंतीचा तुकडा होता. रविवारी आम्ही फुलं तोडायला जायचो. मी गोगलगायीला भ्यायची, पालीला भ्यायची, विहिरीत वाकून बघायला भ्यायची. आईची भीती माझ्याहून वरचढ. एकदा झेंडूच्या सरीत साप निघाला. मी टोपली टाकून पळाले ती थेट बांधावर. आई माझ्याही पुढे. मागे वळून पाहिलं तर सुषमा उकिडवी बसलेली, हाताची घडी घालून, शाळेत बसतात तशी. बाबा ओरडले, "काहून बसली वं तिथं?" तर तिने मागे न बघताच हात हलवून त्यांना गप्प केलं. साप गेल्यावर आली आणि म्हणाली, "त्याच्या पोटात काहीतरी हाय. जड चालून राह्यला होता." आईने तिला धपाटा घातला आणि मग जवळ घेऊन रडली. त्या पोरीचं काय होणार, हा घोर आईला तेव्हापासून लागला. मी मात्र मनात म्हटलं, ही आपल्या घरातली नाहीच.

शिकायला ती अकोल्याला गेली, तिथून आणखी कुठे कुठे, आणि परत आली ती डोंगरासाठीच. लग्नाचा विषय तिने असा टोलवला की शेवटी स्थळं आणणारेच कंटाळले. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. मी राजापेठेतच गणिताच्या शिकवण्या घेते. मुलं समोर बसलेली असायची, मी फळ्यावर समीकरण मांडायची आणि फोन वाजला की हातातला खडू खाली पडायचा. पेपरात ‘अस्वलाच्या हल्ल्यात’ एवढे शब्द दिसले की आई चष्मा काढून ठेवायची आणि म्हणायची, "तूच वाच बाप्पा." मग मी वाचायची. गाव वेगळं निघालं, नाव वेगळं निघालं की आम्हाला हायसं वाटायचं, आणि लगेच त्याची लाजही वाटायची, कारण ज्याचं नाव छापलेलं असे त्याच्याही घरी कुणी आई होतीच. वाघाचं आम्हाला तितकं भय नव्हतं. वाघ माणूस पाहून बाजूला होतो, हे सुषमाने समजावलं होतं. अस्वल दचकलं की समोरच्याचं तोंड फाडतं, हेही दुर्दैवाने तिनेच सांगितलं होतं.

मी तिच्याकडे राहायला एकदाच गेले. केतकी, माझी मुलगी, तेव्हा शाळेत होती आणि मावशीकडे जायचं म्हणून तिने जेवण सोडलं होतं, म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमा आम्हाला रानात घेऊन निघाली. वळण आलं की थांबायची, टाळी वाजवायची, खाकरायची. अस्वलाला दुरून कळलं पाहिजे, माणूस येतो आहे म्हणून. ते दचकायला नको. मला म्हणाली, "ताई, काही तरी बोलत राह्य. जोरानं." बोलायचं काय? तेव्हा मला सुचला तो एकोणिसाचा पाढा. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, अशी मी ओरडत त्या डोंगरातून चालले होते आणि पाठीमागे केतकी हसून हसून बेजार. नाल्यापाशी मात्र पाढा तोंडातच राहिला. पलीकडच्या काठावर, वारुळाजवळ, काळं काहीतरी होतं आणि ते दोन पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा पट्टा मला स्पष्ट दिसला. सुषमाने केतकीला मागे ओढलं आणि माझा हात पकडला. कुणीच हललं नाही. ते नाकाने हवा ओढत होतं, तो आवाजही ऐकू येत होता. मग ते चार पायांवर आलं आणि झुडपात गेलं... तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, सुषमाचा तळवा घामाने चिंब झाला होता. "तुले बी भेव लागते?" मी विचारलं. माझा विश्वासच बसेना. ती खाली बसली, गवतातच, आणि बाटलीतलं पाणी तोंडावर मारून म्हणाली, "लय लागते. रोज लागते. लागाचं बंद झालं की मी खाली येईन, दुकान उघडून हार करत बसीन." तिला भीती वाटते हे कळल्यावर मला आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्याच घरातली वाटली.

भीती तिला वाटायची, ती अस्वलाची. म्हणून अस्वलाने तिला कधी बोट लावलं नाही. गवताची भीती मात्र तिला नव्हती. दमली की ती गवतात बसायची, निरीक्षण करायचं तर पोटावर पालथी पडायची, गोचिडी उपटून टाकायची आणि त्यावरून विनोद करायची. गावातल्या बायांना मोहाच्या हंगामात एकटीदुकटीने जाऊ नका म्हणून कळकळीने सांगणारी सुषमा स्वतःच्या तापाला ताप म्हणून सोडून देत होती, कारण डोंगरात ताप सगळ्यांनाच येतो. आणि आम्ही खाली सगळे डोळे त्या एका काळ्या जनावरावर लावून बसलो होतो. आमच्या भीतीला एवढं मोठं तोंड होतं की बारीक किड्याला त्यात जागाच नव्हती. आता मला घरातल्या कुंडीतल्या गवताचीही भीती वाटते. केतकी साधं शिंकली तरी माझा हात तिच्या कपाळावर जातो.

तीच केतकी आता अकोल्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मावशीचे दिवस झाले, पाहुणे पांगले आणि एक दिवस जेवताना ती म्हणाली, "आई, मावशीचे कॅमेरे अजून झाडालेच हायेत." जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे ते कॅमेरे सुषमाने रानात ठिकठिकाणी बांधले होते. ते काढून आणायला हवेत, बाबूलालभाऊ सोबत येतील, असं केतकीचं म्हणणं. मी ताट सरकवलं. नाही म्हणजे नाही. कॅमेरे गेले खड्ड्यात. पोरगी रडली नाही, भांडली. "अस्वलानं खाल्ली असती त मी समजली असती. गोळ्या भेटल्या असत्या त वाचली असती ना मावशी! मंग तू मले काहून कोंडून ठेवून राह्यली?" तिच्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तू ठरव. आईला विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी ठरवू शकत नव्हते. एक गेली होती, आणि हिच्या चालण्यात, उकिडवं बसण्यात, कुणाचं न ऐकण्यात मला तीच दिसत होती. शेवटी मी तिला कबूल केलं, पण अटीवर. फक्त काढून आणायचे. गवतात बसायचं नाही, पॅन्ट मोज्यात खोचायची, आणि परत त्या डोंगराचं नाव काढायचं नाही. ती हो म्हणाली. फार पटकन हो म्हणाली, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ती परतवाड्याच्या बसमध्ये बसली तेव्हापासून मी माणसात नव्हते. वर्गात साधा वजाबाकीचा हिशेब चुकला आणि पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ती आली ती दुपारी, उन्हाने काळवंडलेली आणि नको तितकी आनंदात. आंघोळ कर म्हटलं तर "थांब वं, आधी हे पाह्य," म्हणत तिने कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आईही उठून आली आणि चष्मा लावून बसली.

पहिल्याच फोटोत सुषमा होती. चार पायांवर. हात चिखलात, गुडघे चिखलात, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत हसत होती. मला काही समजेना. केतकी हळू आवाजात म्हणाली, "कॅमेरा बांधला की त्याच्यासमोरून जनावरासारखं रांगून पाहा लागते. फोटो निघते का नाई, थे कळाले. मावशी दरवेळी हेच करे." आईने पडद्यावर बोट टेकवलं, सुषमाच्या गालावर, आणि बराच वेळ काढलं नाही. मग पुढचे फोटो आले. साळिंदर, रिकामं गवत, कुणाची तरी चुकलेली गाय. आणि एक अस्वलीण, पाठीवर दोन पिलं घेतलेली. एक पिलू तिच्या केसांत तोंड खुपसून झोपलं होतं. आई पुटपुटली, "पडन ना थे..." ज्याचं नाव तिने कधी घेतलं नाही त्याची तिला काळजी वाटत होती.

शेवटच्या फोटोत पुन्हा तीच जागा, तेच झाड, आणि चार पायांवर केतकी. जीभ बाहेर काढलेली.

"तू कॅमेरे काढाले गेल्ती ना?" मी विचारलं.

"काढले. सेल बदलले, जुन्याच कार्डावर रांगून पाह्यलं, नवं टाकलं..." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मंग परत बांधले."

ओरडावं असं फार वाटलं. आई माझ्याकडे पाहत होती. भीती गेली नव्हती, आजही ती तशीच आहे, उलट वाढलीच आहे. मी उठले, खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला, केतकीला उजेडात स्टुलावर बसवलं आणि तिची वेणी सोडली. तसली काळी खपली शोधत मानेपासून सुरुवात केली. केसांच्या मुळात, कानामागे, काखेत, पॅन्टच्या पट्ट्याखाली, गुडघ्यांच्या मागच्या घडीत. दुसऱ्या बाजूने आई बघत होती, चष्मा पुसून पुसून.

"गुदगुल्या होते वं आई!"

"हालू नको," मी म्हटलं. "आता पुढच्या खेपेले कधी जाशीन?" आणि तिचा दुसरा पाय माझ्या मांडीवर घेतला.