गोदीतला नारळ

अबू धाबीच्या जुन्या बंदरात फ्रेंच नौदलाचा तळ आहे. तिथल्या जहाजांना अन्नधान्य पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी बरीच वर्षं काम करतो. बटाटे, अंडी, पिण्याचं पाणी आणि चीज. चीजच्या वासाला मी अजून सरावलेलो नाही.

गावी गेलो की लोक विचारतात, फ्रेंचांचं तिकडे काय काम? तळ तसा नवाच, माझ्या मुलीच्या वयाचा. इथल्या सरकारशी करार करून ते आले. होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे-पलीकडे गस्त घालणाऱ्या त्यांच्या युद्धनौका इथे दुरुस्तीला लागतात, पाणी-भाजी भरतात. खलाशी चार दिवस जमिनीवर झोपतात आणि पुन्हा निघतात. पूर्वी याच पाण्यात पोर्तुगीज होते, मग इंग्रज आले. पण त्यांनाही कांदे कुणीतरी पुरवलेच असणार. एवढ्या समुद्राची राखण माझ्या बटाट्यांवर चालते, असं मी घरी सांगतो. कुणी मानत नाही.

मी कोकण किनाऱ्यावरचा. गेल्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी नारळाला सोनेरी कागद लावत बसलो होतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू गिफ्ट-रॅपिंग अ कोकोनट?"

"समुद्राला द्यायचाय."

"डझ ही नो?"

सकाळी सहाला, माल उतरवायच्या आधी, मी धक्क्याच्या कडेला गेलो, हात जोडले आणि नारळ सोडला. आमच्याकडे नारळ ओहोटीला सोडतात, म्हणजे तो पाण्याबरोबर बाहेर जातो. मी मात्र ड्यूटीचं घड्याळ पाहिलं, पाण्याकडे पाहिलंच नाही. तेव्हा भरती होती.

सातला सगळं काम थांबलं. युद्धनौकेच्या मागच्या बाजूला पाण्यात काहीतरी चमकतंय, म्हणून आम्हाला शेडमध्ये बसवलं. पहारेकरी म्हणाला, "खलास, कोई बाहर नहीं जाएगा." पाणबुडे बोलावले गेले. तो माझाच नारळ, हे मला लगेच कळलं.

त्यातच कॅमेऱ्यात सापडला तो आमचा फोर्कलिफ्टवाला. साताऱ्याकडचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. सहाच्या सुमारास त्याची गाडी नेमकी त्याच कडेला उभी होती, आणि मी तिच्या आडोशाला असल्याने दिसलोच नव्हतो. त्याच्याकडून आत यायचा पास काढून घेतला. पास गेला की कंपनी त्याला परत शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, पत्र्याच्या गॅरेजमध्ये पाठवणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे त्याने अकरा उन्हाळे काढले होते. इथली नोकरी लागली तेव्हा तो घरी फोनवर सांगत होता, "समुद्राचा वारा हाय, एसीची केबिन हाय, आता मरायला मोकळा."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठलो नाही. नारळ म्हणजे काही गुन्हा नाही, आपोआप उलगडा होईल, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. समोरच्या बाकावर अण्णा शांत बसला होता. फ्रेंच अधिकाऱ्याने पहारेकऱ्याकरवी त्याला विचारलं, तू पाण्यात काय टाकलंस? तो म्हणाला, "साहेब, हमारे गाँव में समुद्रच नहीं है. हम किसको क्या डालेंगे?" सगळे हसले. मीही हसलो. तेच हसणं मला अजून टोचतं.

मग कुणीतरी येऊन सांगितलं की अण्णाच्या कंपनीला फोन लावताहेत. तेव्हा कुठे माझे पाय हलले.

मी अधिकाऱ्यासमोर उभा राहिलो आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं: पावसाळाभर होड्या ओढून ठेवतात, या दिवशी समुद्राला नारळ देतात, मगच होड्या पाण्यात लोटतात. तोवर पाणबुड्यांनी नारळ वर आणला होता. सोनेरी कागद निम्मा सुटला होता, शेंडी बाहेर आली होती.

अधिकाऱ्याने नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाला, "आमच्या गावात समुद्रात फुलांचं चक्र सोडतात. ऑगस्टमध्येच. पण आधी बंदरवाल्यांना विचारतात."

अण्णाचा पास त्याला तिथल्या तिथे मिळाला. माझा पंधरा दिवसांसाठी गेला.

बाहेर पडताना मी अण्णाला गाठलं. "अण्णा, मला पहिल्यापासून माहीत होतं. मी दोन तास गप्प बसलो."

"अडीच," तो म्हणाला. "मी घड्याळ बघत हुतो."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"सकाळी गाडीमागं हात जोडून कोन हुतं, दिसलं की मला. पाण्यात कायतरी चमकतंय म्हनल्यावर हिशोब लागला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सांगतोस का, ते बघत हुतो." त्याने पास पुन्हा गळ्यात अडकवला. "उशीर केलास, पर आलास."

त्याने एवढ्यावर सोडलं. मी स्वतःला अजून सोडलेलं नाही.

ते पंधरा दिवस मी फाटकाबाहेरच्या गोदामात बसून याद्या लिहीत होतो. अण्णा दर खेपेला माल न्यायला यायचा, फोर्कलिफ्ट दारात आडवी लावायचा, केबिनमधून हात पुढे करायचा आणि अगदी पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणायचा, "पास दिखाओ, हबीबी." नाही म्हटलं की बटाटे उचलायचा नाही. शेवटी मी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि दोरीने गळ्यात अडकवलं. त्याने ते वाचलं, मागून पुढून तपासलं, आणि मगच पहिली चळत उचलली.