भिंतीतला कोरडा चौकोन

अँथनीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दुकानापुढे सिमेंटचा ट्रक रिकामा होत होता. जन्मभर चुन्याचं काम केलेल्या गवंड्याची बातमी सिमेंटच्या धुळीत ऐकावी लागली. काका असते तर हसले असते.

आमच्या गावात कॅथलिकांची दोन चर्च. स्टेशनकडचं जुनं, रेल्वेच्या लोकांसाठी बांधलेलं: जाड विटांच्या भिंती, उतरती कौलं, कौलांखाली झरोके. बाजारामागचं नवं, गोल, स्लॅबचं. मी ख्रिस्ती नाही, पण काकांनी एकदा भर उन्हात दोन्ही फिरवून दाखवली. "त्या गोलात आठ पंखे फिरून राह्यले तरी फादर घामाघूम. अन् इथं बस... मे महिना हाये असं वाटते का तुले?" खरंच वाटत नव्हतं.

त्या जुन्या भिंतींना काही वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा झाला. माल माझा, सल्लाही माझाच. मग खालून ओल चढली, पोपडे सुटले. यंदा चर्चची समिती म्हणू लागली, भिंती कुजल्या, पाडून स्लॅबचं बांधू. काका तडक दुकानात आले.

"भिंत नाई कुजली. जमिनीतली ओल चुन्यातून निंगून जाते. तुनं सिमेंट लावून तिचं तोंड बांधलं. देवाच्या घराले घाम फोडला, बाई, तुनं!"

"मंग सांगा ना समितीले."

"माह्यं कोन आयकते? म्हाताऱ्याले चुन्याचं येड हाये म्हनतीन. सिमेंटवालीनं सांगतलं तर आयकतीन."

"बघू," मी म्हणाले. बांधकामाचा हंगाम होता, समितीच्या बैठकीला गेले नाही... खरं तर आपलाच सल्ला चुकला हे चारचौघांत सांगायची हौस कुणाला असते?

काकांची अंत्यप्रार्थना त्याच चर्चमध्ये झाली. मी मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसले, तर पाठ ओली झाली. सरकून बसताना कोपऱ्यात हातभर चौकोन दिसला, वेगळ्याच पांढऱ्या रंगाचा. हात लावला. ठणठणीत कोरडा. काकूंनी नंतर सांगितलं, गेल्या पावसाळ्याआधी काकांनी तेवढंच सिमेंट खरवडून तिथे चुना लावला होता. कुणाला न विचारता.

पुढच्या बैठकीला गेले. चूक माझी होती, एवढं सांगितलं आणि सगळ्यांना मागच्या बाकाशी नेलं. अध्यक्षांना म्हटलं, "आधी इथं हात लावा. आता इथं." त्यांनी लावला. बराच वेळ उचलला नाही.

पाडणं तूर्त थांबलंय. सिमेंट खरवडायला घेतलंय. त्या चौकोनाला हात लावू नका, असं मी गवंड्यांना बजावलंय. तिथलं काम झालेलं आहे.