नावेचं माप

बेटावरच्या चित्रसंग्रहालयाकडे नावाडी बावीस वर्षं माणसं पोचवत होता, पण स्वतः कधी आत गेला नव्हता. बडबडत आत गेलेली माणसं गप्प होऊन परततात, याचाच त्याला संशय. अशात संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई किनाऱ्यावर आल्या आणि कारण न सांगता त्याच्या नावेला टेप लावून माप घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो पायांची वाळू झटकून आत शिरला. तिथं पहाऱ्याला असलेली सून म्हणाली, "मामंजी, तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?"

"माप कशाला घेतलं, ते सांग आधी."

सुनेनं टोकाची खोली दाखवली. फरशीवर खडूनं नावेचा आकार काढला होता. नावाड्यानं पावलं टाकून पाहिली. बरोबर अकरा. त्याचीच नाव.

"ती थकली की इथं ठेवणार आहेत. केवढा मान!"

"मान? अगं, ती धडधाकट असताना यांनी खड्डा खणून ठेवलाय!"

तो तडक किनाऱ्यावर आला. त्या रिकाम्या, पांढऱ्या वाळूवर, संग्रहालयाच्या मोठ्या खिडकीसमोरच त्यानं नाव पालथी घातली आणि दुपारपर्यंत तिला डांबर फासलं. मग ओल्या डांबराशेजारीच राखणीला बसला. आता कुणी टेप लावायला आलंच, तर हात काळे करूनच जाणार होतं.