लॉकनटची किल्ली

काही गाड्यांच्या प्रत्येक चाकाला, ते चोरीला जाऊ नये म्हणून, एक लॉकनट असतो, जो साध्या पान्याने उघडत नाही. त्याला अंगठ्याएवढी एक खाचांची किल्ली लागते. ती हरवली की चाक निघत नाही. माझी ती किल्ली कशी हरवली, याबद्दल आमच्या गावात आणि शहाद्यात जे सांगितलं जातं, ते मीच पसरवलेलं आहे आणि ते खोटं आहे.

लोणखेड्याच्या रस्त्यावर एका मिस्तरीचं टायरचं दुकान होतं. मुसलमान माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याची एक सवय होती. काम झालं की किल्ली तो डिकीत टाकत नसे. गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा आणि मूठ बंद करा म्हणायचा. मूठ बंद झालेली दिसली की मगच हात पुसायचा. आम्ही त्याला हसायचो.

दसऱ्याच्या आधी त्याने माझ्या गाडीची चाकं अदलून-बदलून दिली. दसऱ्याला आमच्याकडे विळे, कोयते, पंपाचे पाने पाटावर मांडून पूजतात. मी गाडीतला जॅकही मांडला, आणि किल्लीही. किल्ली गोल, सारखी घरंगळत होती. म्हणून ती देवघरात, देवाच्या मागे सरकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी जॅक गाडीत परत गेला, किल्ली तिथेच राहिली.

चार-पाच दिवसांनी प्रकाशाहून शहाद्याला निघालो असताना पुढचं चाक बसलं. शेजारच्या शेतात केळीचा ट्रक भरत होते. किल्ली शोधली, नव्हती. मी मिस्तरीला फोन केला आणि तो मोटरसायकलवर अवजारं बांधून आला. तोवर ट्रकपाशी दहा-बारा माणसं जमली होती. सगळी ओळखीची.

तो मोटरसायकलवरून उतरायच्या आत मी विचारलं, किल्ली कुठे ठेवलीस?

"नाना, किल्ली तुमना हातमा दिन्ही व्हती," तो म्हणाला. "याद करा."

"मंग काय ती तापीमा वाही गयी?" मी म्हणालो.

माणसं हसली. हसली म्हणून मी थांबलो नाही. त्याच्या समाजावरूनही बोललो. काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण बोललो होतो हे लिहितो. चोराने किल्ली ठेवून घेतली, आता पुढच्या वेळी चाकंच नेईल, असंही म्हणालो. त्याने पिशवीतून एक जुनी गोटी, म्हणजे पान्याचं पोकळ तोंड, काढली, नटापेक्षा किंचित लहान. ती नटावर धरून घणाने ठोकायची, ती नटात रुतून बसली की दांड्याला लांब पाइप लावून फिरवायचं. पहिला नट कुरकुरत सुटला.

एवढ्यावर काम झालं होतं. पण मी म्हणालो, बाकीच्या तीन चाकांचेही काढ, चूक तुझी आहे. ऊन डोक्यावर होतं. ट्रकवाल्यांपैकी एकाने त्याच्यासाठी पाणी आणलं. आधी काम, असं म्हणून मी तांब्या परत पाठवला.

तिसरा नट निघाल्यावर त्याने मला जॅक काढून ठेवायला सांगितला. मी डिकी उघडली. जॅकवर कुंकवाचं बोट होतं आणि एक अक्षता चिकटलेली होती.

त्या क्षणी मला पाट आठवला, घरंगळणारी किल्ली आठवली, देवघर आठवलं. मला सगळं आठवलं, हेच मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी अंगठ्याने ती अक्षता खरवडून टाकली, कुंकू धोतराला पुसलं आणि जॅक बाहेर आणून ठेवला. तो चौथ्या चाकाकडे वळला होता. मला त्याला थांबवता आलं असतं. त्यासाठी एक वाक्य पुरलं असतं. पण दहा-बारा माणसं उभी होती.

चौथ्या नटावर घण निसटला आणि त्याच्या डाव्या अंगठ्यावर बसला. तो अंगठा मुठीत धरून खाली बसला. मला वाटतं, माझ्या तोंडून काहीतरी बरं निघेल अशी तिथल्या एक-दोघांची अपेक्षा होती.

"देवनी बी बरोबर तोच हात धरा," मी म्हणालो.

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. त्याने अंगठ्याला फडकं गुंडाळलं, उरलेला नट काढला, बसलेलं चाक बदललं, साधे नट आवळले आणि गेला.

पुढे मी जिथे बसेन तिथे ही गोष्ट रंगवून सांगत राहिलो. तापीकाठच्या आमच्या गावांतल्या गाड्या त्याच्याकडे जायच्या थांबल्या. वर्षभरात दुकान बंद झालं. त्याचा अंगठा वाकडाच राहिला, दोन्ही हातांनी जोर लावायचं काम होईना. तो दुसऱ्याच्या दुकानात हवा भरायला बसू लागला.

दिवाळीच्या साफसफाईत बायकोला देवामागे किल्ली सापडली. त्याला जाऊन सांगा, असं ती एकदाच म्हणाली. मी नाही गेलो. त्यानंतर दर दसऱ्याला ती पाटावर सगळ्यांत आधी ती किल्ली मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि माझ्याकडे बघायची नाही. गाडी विकली, तरी किल्ली मांडायची. आता बायको नाही. यंदा पाट मीच मांडला.

दसरा झाल्यावर किल्ली घेऊन त्याच्याकडे गेलो. तिसऱ्या नटानंतर मला सगळं आठवलं होतं, हेही सांगितलं. तो एका बसच्या चाकात हवा भरत होता. भरणं होईपर्यंत मला उभं ठेवलं. मग किल्ली हातात घेऊन बघितली, खाचांतलं कुंकू नखाने काढलं आणि ती माझ्या तळहातावर ठेवली.

"मन्हाकडे येवानी गरज नव्हती, नाना," तो म्हणाला. "त्या दिन जितला लोक उभा व्हतात, तेस्ले सांगा."

सांगतो म्हणालो. त्यांतले चौघे वारले आहेत. उरलेले सकाळी चहाच्या टपरीवर असतात. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा गोष्ट निघाली, त्यांनीच काढली, मला हसवण्यासाठी. मी चहा पिऊन परत आलो.

म्हणून हे लिहून काढलं आहे. उद्या सकाळी टपरीवर मोठ्याने वाचणार आहे. वाचायचा धीर झाला नाही, तर कागद तिथल्या बाकावर ठेवून येईन. त्यावर किल्ली ठेवीन, म्हणजे तो उडणार नाही.